सर्वानुमते मंजूर

ग्रामसभेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : "लोकांनाच नको आहे हो." सरपंच म्हणतात, ग्रामसेवक म्हणतात (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं), तालुक्याहून जीपमधून आलेले साहेब म्हणतात, आणि सुट्टीला गावी आलेले पुण्या-मुंबईचे पाहुणे तर फारच ठासून म्हणतात. लोकांना रस नाही, लोक अडाणी आहेत, लोकांना सगळं फुकट पाहिजे. मी या गावात सून म्हणून आले त्याला तीस वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत गावाची जी काही ओळख झाली, तिच्या जोरावर सांगते, हे वाक्य खोटं आहे. चुकीचं म्हणत नाही, खोटंच म्हणते, कारण जे ते बोलतात त्यांच्या ते सोयीचं आहे.

लोकांना बैठकीचा कंटाळा असतो म्हणे. मग आमच्या जत्रेची बैठक बघायला या. चैत्रात भैरोबाची जत्रा भरते. तिच्या आधी पंधरा दिवस देवळात माणसं बसतात. घरटी पट्टी किती, विधवेच्या घरची निम्मी घ्यायची की माफ करायची, कुस्त्यांना इनाम किती, तमाशा आणायचा की ऑर्केस्ट्रा, पाण्याचे टँकर कुठून आणायचे, पालखी कोणत्या बोळातून न्यायची, एष्टी स्टँडवर पाळणेवाल्यांना जागा कुठं द्यायची. रात्री नऊला बसलेली माणसं साडेबाराला उठतात. जत्रा झाल्यावर परत एक बैठक, हिशेबाची. जमाखर्च माइकवरून वाचतात. मंडपवाल्याला पाचशे रुपये जादा कसे गेले यावर तासभर भांडण होतं, आणि ते मिटल्याशिवाय कुणी घरी जात नाही. आता मला सांगा, अंदाजपत्रक, वाहतुकीची व्यवस्था, पाणीपुरवठा, सवलतीचे निकष, लेखापरीक्षण, यातलं काय राहिलं? शहरात याला नियोजन म्हणतात आणि त्याच्या पदव्या देतात.

बायकांचं म्हणाल तर आमचा बचत गट बघा. चौदा जणी आहोत. महिन्याच्या पाच तारखेला संध्याकाळी आमच्या सोप्यात जमतो. मी रजिस्टर लिहिते. आधी मागच्या सभेचं वाचायचं, मग कुणाचा हप्ता आला, कुणाचा राहिला, कुणाला कर्ज पाहिजे, कशाला पाहिजे. ज्या चुलत सासूबाईंना 'यांना काय कळतंय' म्हणून ग्रामसभेत कुणी विचारत नाही, त्या गेल्या अठरा महिन्यांचे हप्ते तोंडपाठ सांगतात. लिहिताना माझा आकडा चुकला की त्यांना ऐकण्यावरनं कळतं. पाऊस असो, कुणाच्या घरी सुवेर असो, सुतक असो, गैरहजर राहायची पद्धत नाही. दंड दहा रुपये.

म्हणजे तीच माणसं, तेच गाव. एका बैठकीला मध्यरात्रीपर्यंत बसतात आणि दुसऱ्या बैठकीला फिरकत नाहीत. मग दोष माणसांत आहे की बैठकीत?

आता ती दुसरी बैठक कशी होते ते सांगते. कायद्यानं वर्षात किमान चार ग्रामसभा. प्रथेनं त्या 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर अशा धरल्या जातात. कागदावर झकास दिसतं, सगळे राष्ट्रीय दिवस. पण शेतकऱ्याच्या पंचांगात हे दिवस कुठं येतात? 26 जानेवारीला गव्हाला, हरभऱ्याला पाणी चालू. त्यात लाइट दिवसाची मिळाली असेल तर त्या दिवशी मोटार सोडून कुणी झेंड्यापाशी दोन तास बसणार नाही. 1 मेला एकेका घरी तीन तीन लग्नाच्या पत्रिका. 15 ऑगस्टला खुरपणी. 2 ऑक्टोबरला बाजरी-सोयाबीनची काढणी, मजूर मिळाले तर मिळाले. सकाळी झेंडावंदन होतं, पोरांची भाषणं होतात, गोळ्या वाटल्या जातात आणि माइकवर पुकारा होतो, "ग्रामसभा आहे, ग्रामस्थांनी थांबावे." थांबतात कोण? ज्यांचं काम अडलेलं आहे ते, ज्यांचं पोट पंचायतीवर आहे ते, आणि पारावरचे चार-दोन जण ज्यांना कुठंच जायचं नसतं ते. बाया पोरांना घेऊन घरी गेलेल्या असतात, कारण सकाळी साडेसातच्या झेंड्याला यायचं म्हणून चूल अजून पेटलेली नसते.

महिलांची ग्रामसभा वेगळी, तीही प्रत्येक ग्रामसभेच्या आधी घ्यायची, असं कायदा सांगतो. चांगला कायदा आहे. आमच्याकडं ती बरीच वर्षं अंगणवाडीच्या हळदीकुंकवाला जोडून व्हायची. वाण घ्यायच्या आधी वहीवर सही करायची. ती सही कशाची, हे विचारणारी बाई भोचक ठरायची. भोचक म्हणजे मीच, दुसरी कोण.

मग गणपूर्ती. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातलं जे कमी असेल ते. आमच्या गावात मतदार चोवीसशेच्या आसपास. 15 टक्के म्हणजे 360. पण 'जे कमी असेल ते' म्हटल्यावर 100 वर भागतं. म्हणजे शंभरातली चार माणसं आली की गाव आलं. तीही आली नाहीत तर सभा तहकूब करायची, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. पाच माणसांत गावाचा वर्षाचा आराखडा मंजूर करता येतो आणि तो कायदेशीर असतो. ज्या व्यवस्थेत लोक न आल्यानं काही अडतच नाही, उलट काम लवकर उरकतं, त्या व्यवस्थेतल्या माणसानं लोक येत नाहीत म्हणून गळा काढावा?

मला हा राग कुठल्या भाषणातून आलेला नाही, पाण्याच्या टाकीवरनं आलेला आहे. आमचं गावठाण खाली ओढ्याकाठी आणि वरची वस्ती माळावर. वस्तीवर बावीस घरं, बहुतेक मेंढपाळांची, चार आमच्या भावकीची. 2019 साली जलजीवन मिशन जाहीर झालं, घरोघरी नळ देणारी योजना. तिच्यातही गावाचा कृती आराखडा ग्रामसभेनं मंजूर करायचा, पाणी समितीत निम्म्या बायका घ्यायच्या, असं सगळं व्यवस्थित लिहिलेलं आहे. आमच्याकडं टाकी आली ती शाळेच्या मागं गायरानाच्या टोकाला. जागा मोकळी होती, ट्रक जात होता, काम सोपं होतं. वस्तीवर नळ बसले, फोटो निघाले. पाणी मात्र वर चढेना. खालचे सगळे कॉक बंद केले तर रात्री दोनला करंगळीएवढी धार. म्हणजे हंडे आले ते आलेच, वर नळाचा दाखला झाला. आता कागदावर त्या बावीस घरांना पाणी 'आहे', त्यामुळं टँकरही मागता येत नाही.

वस्तीवरच्या एका आजोबांनी जन्मभर मेंढरं राखली. त्यांना मी विचारलं, मामा, टाकी कुठं पाहिजे होती? त्यांनी बसल्या जागेवरनं काठीनं दाखवलं. "त्या टेकावर. पावसाचं पानी कुटनं कुटं पळतंय ह्ये मी साठ वरीस बगतुया. तितनं सोडलं आस्तं तर खाली बी गेलं आस्तं आन् हिकडं बी आलं आस्तं. पर मला कुनी इचारलं?"

कुणी विचारलं नाही. पण कागद म्हणतो विचारलं. मी इतिवृत्ताची वही बघायला मागितली तेव्हा दप्तर ऑडिटला गेलेलं होतं. पुढच्या खेपेला कपाटाची किल्ली नव्हती. मग माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला आणि अगदी तिसाव्या दिवशी नक्कल हातात पडली. विषय क्रमांक चार, पाणीपुरवठा योजनेचा आराखडा. 'सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर.' एक ओळ. बावीस घरांचं पाणी त्या एका ओळीत गेलं. खाली एकशे बारा सह्या आणि अंगठे. त्यात आमच्या चुलत सासूबाईंचा अंगठा. तो दिवस मला पक्का आठवतो, कारण त्या त्या दिवशी माहेरच्या लग्नाला गेल्या होत्या. कागद त्यांना वाचून दाखवला तर म्हणाल्या, "आगं, त्यो पोरगा घरी आल्ता की दुसऱ्या दिशी. रेशनचं काय तरी हाय म्हनला. मी भाकरी थापत हुते, पिठाच्या हातानं दिला आंगठा."

बचत गटात दहा रुपयांची चूक पकडणारी बाई आणि गावाच्या वहीत पिठाच्या हातानं अंगठा देणारी बाई एकच आहे. फरक एवढाच, की एका वहीत काय लिहिलंय ते तिला वाचून दाखवतात आणि दुसऱ्या वहीत नाही.

इथं कुणीतरी जुन्या काळाची आठवण काढणार, हे मला माहीत आहे. पूर्वी पारावर पंच बसायचे, गावाचा एकोपा होता, शब्दाला किंमत होती. ग्रामीण आठवणींच्या पुस्तकांत हा पार फार सावली देतो. मी सासऱ्यांच्या तोंडून त्या पाराच्या पुष्कळ गोष्टी ऐकल्या, आणि सासूबाईंच्या तोंडून त्याच गोष्टींची दुसरी बाजूही ऐकली. पारावरनं जाताना बाई चप्पल हातात घेऊन जायची. महारवाड्यातला माणूस बोलावला तर खाली उभा राहून बोलायचा. सासूबाईंना त्या पाराचा निकाल कधी प्रत्यक्ष ऐकायला मिळाला नाही, घरात आल्यावर पुरुष जेवढं सांगतील तेवढाच. डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत खेड्याला अज्ञानाची आणि संकुचितपणाची गुहा ठरवलं, ते काय उगीच नव्हे. म्हणून मला तो पार परत नको. मला हवी आहे ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झालेल्या 73 व्या घटनादुरुस्तीतली ग्रामसभा, जिच्यात मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक माणूस, बाई असो की बाप्या, आपोआप सभासद असतो आणि कुणाच्या परवानगीनं बसत नाही. आमची अडचण अशी झालीय, की नाव नवीन घटनेचं आणि बसायची रीत अजून पारावरची.

पैसा नाही अशीही सबब आता उरलेली नाही. 14 व्या वित्त आयोगापासून, म्हणजे 2015 पासून, केंद्राचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर यायला लागला, आणि त्यासाठी 'आमचं गाव, आमचा विकास' हा आराखड्याचा कार्यक्रम राज्यात सुरू झाला. त्यात शिवारफेरी काढायची, वस्ती-वस्तीवर बसायचं, बायकांच्या, शेतकऱ्यांच्या गरजा ऐकायच्या, मग ग्रामसभेत ठरवायचं, असा क्रम दिलेला आहे. आमच्याकडंही शिवारफेरी निघाली. शाळेपासून ग्रामपंचायतीपर्यंत. मध्ये शिवार लागत नाही.

जिथं हे खरोखर होतं तिथं काय होतं, तेही बघा. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा सगळ्यांना माहीत असते, पण त्यांनी केलेलं खरं काम घोषणेच्या मागं झाकून जातं. तिथं निर्णय बहुमतानं करत नाहीत, सर्वसहमतीनं करतात. एकाचं जरी पटलं नाही तरी विषय पुढं ढकलतात, परत बसतात. आणि निर्णयाची सभा वेगळी, अभ्यासगट वेगळा. अभ्यासगटात नुसतं समजून घ्यायचं, बाहेरच्या जाणत्या माणसालाही बोलवायचं, पण ठराव करायचा नाही. त्या सवयीच्या बळावर त्या एवढ्याशा गावानं 2009 साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, 1800 हेक्टरचा. आमच्या वहीतही 'सर्वानुमते' लिहितात, त्यांच्याकडंही सर्वांच्या मतानंच होतं. शब्द एकच.

आमच्यासारख्याच कोरड्या मुलखातलं, नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार घ्या. पोपटराव पवार 1989 साली सरपंच झाले. तिथं पाऊस संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. किती पडला, किती मुरला, प्यायला किती ठेवायचं, उरलेल्यात कोणतं पीक घ्यायचं. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, हे गावानंच ठरवलं. तिथल्या माणसाला ग्रामसभेचा रस आपल्या माणसापेक्षा जास्त असतो असं नाही. तिथं सभेत ठरतं ते दुसऱ्या दिवशी त्याच्या बांधावर येतं. न जाऊन कसं चालेल?

आणि उगीच लांब कशाला जायचं? शेजारच्या गावात दारूच्या दुकानाचं मतदान झालं, उभी बाटली की आडवी बाटली. गावातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली तरच दुकान बंद, नुसत्या आलेल्यांच्या निम्मी चालत नाहीत. म्हणजे जी आली नाही तिचं मत दारूवाल्याला. हे बायांना कळलं मात्र, त्या दिवशी खुरपं ठेवून, लेकरं काखेला मारून, म्हाताऱ्यांना मोटारसायकलवर मधी बसवून बाया आल्या. कुणी रस नाही म्हणालं नाही. त्या नियमात आणि ग्रामसभेच्या गणपूर्तीत किती अंतर आहे ते मोजा. तिथं न येण्याला किंमत मोजावी लागते, इथं न येण्यावर कारभार चालतो.

शहरातल्या वाचकांनी हे गावाकडचं म्हणून पान उलटू नये. तुमच्या सोसायटीची वार्षिक सभा कोरम नाही म्हणून अर्धा तास तहकूब होते आणि त्याच हॉलमध्ये, त्याच अकरा माणसांत परत भरते, ते माझ्या भावाच्या पुण्यातल्या घरी मी बघितलंय. फक्त तिथं शेवटी वेफर्स असतात. शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद आपल्या राज्याच्या कायद्यात 2009 पासून आहे. तुमच्या भागाची कधी भरली का, हे शेजाऱ्याला विचारून बघा. आणि 'शहरी माणूस उदासीन' हेही त्याच पोतडीतलं. पुण्याच्या विकास आराखड्याचा मसुदा 2013 साली बाहेर पडला तेव्हा 80 हजारांवर हरकती आणि सूचना आल्या. स्वतःच्या घरावरनं रस्त्याची रेघ गेलेली दिसली की माणूस रांगेत उभा राहतो. पण रेघ मारून झाल्यावर त्याला हरकतदार म्हणून बोलवायचं, रेघ मारायच्या आधी मात्र नाही, ही रीत गावात आणि शहरात सारखीच आहे.

"प्रत्येकाला आपल्याच दारातलं गटार दिसतं, गावाचा विचार कोण करणार?" हे एका साहेबांनी मला समोरासमोर ऐकवलं. साहेब, गटार दारातनंच वाहतं. बावीस जणींनी बावीस दारांतलं सांगितलं की नकाशा होतो. त्या आजोबांनीही आपल्या वस्तीचंच पाणी सांगितलं, पण टाकी कुठं बांधली तर गावठाणालाही पोचेल हे त्यातच होतं. भांडणं होतात म्हणाल, तर होऊ देत. सभेत झालेलं भांडण वहीत येतं. सभेत न झालेलं बांधावर होतं आणि मग पोलीस पाटलाकडं जातं.

मागच्या वर्षी आम्ही गटाच्या चौदा जणींनी मिळून ग्रामपंचायतीला अर्ज दिला. मागण्या फार नाहीत. ग्रामसभेच्या सुरुवातीला मागचे ठराव मोठ्यानं वाचायचे आणि कोणत्या ठरावाचं काय झालं ते सांगायचं. नवा ठराव सभेतच लिहायचा, तिथंच वाचायचा आणि मगच सहीसाठी वही फिरवायची. सभा संपली की वही बंद, घरोघर न्यायची नाही. सभा संध्याकाळची ठेवायची. आणि आराखड्याच्या सभेआधी एकदा वरच्या वस्तीवर येऊन बसायचं. यात सरकारचा एक रुपया खर्च नाही. अर्जाची पोच घेतलीय, कारण पोच नसलेला अर्ज आमच्याकडं वाऱ्यावर जातो. आराखडा आणि त्यावरचा खर्च आता ई-ग्रामस्वराजवर मोबाइलवर बघायला मिळतो, तोही आम्ही गटात उघडून वाचतो. पहिल्यांदा वाचला तेव्हा गटार दुरुस्तीचं एक काम आम्हाला सापडलं जे झाल्याचं आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. गटार ज्यांच्या दारात दाखवलंय त्या तर गटातच बसल्या होत्या.

पहिल्या दोन मागण्या मान्य झाल्या. मागच्या सभेत ठराव वाचले गेले. वाचायला सव्वा तास लागला आणि माणसं उठली नाहीत, उलट फोन करून आणखी दहाजणांना बोलावलं. संध्याकाळच्या वेळेचं अजून घोंगडं भिजत आहे, वस्तीवरच्या बैठकीचं 'बघू' म्हणालेत. हे मी वस्तीवर जाऊन सांगितलं तेव्हा चुलत सासूबाई अंगणात शेण सारवत होत्या. म्हणाल्या, "येऊं द्या की. घोंगडी हाथरतो, च्या करतो. फकस्त सांच्याला दिवा लागायच्या वक्ताला नगं म्हनावं, तवा मेंढरं येत्यात. आन् येताना ती वही घिऊन या म्हनावं."